लाल ठिपका आणि बॅटची पाठ

(पडद्यावर: बॅटच्या पाठीवर चौकोनात फिरणारा लाल ठिपका)

हा लाल ठिपका दिसतोय ना, हा लेझर नाहीये. हा नुसता दाखवायचा दिवा आहे, लेझर मशीनने बॅटवर नाव कोरायचंय, ते कुठून कुठपर्यंत येणार हे आधी बघून घ्यायला. खरा किरण डोळ्याला दिसतच नाही, कारण या मशीनच्या किरणाची तरंगलांबी आहे 10.6 मायक्रोमीटर, आपल्याला दिसतो त्या लाल रंगाच्या साधारण पंधरा पट. हे कोरकामाचं वर्कशॉप चालवणाऱ्या ताईने चौकट तीनदा फिरवली, बॅट अर्धा मिलिमीटर सरकवली, परत फिरवली. बॅट एका काकांची आहे, ते याच बॅटने खेळलेत, आता नातीला देणार आहेत आणि नातीचं नाव त्यावर हवंय. बिघडली तर दुसरी आणता येणार नाही.

नाव पाठीवर का, पुढे का नाही? पुढच्या बाजूला बॉल लागतो, तिथलं लाकूड दाबून पक्कं केलेलं असतं, त्यावर चर पाडला तर तिथूनच चिरायला सुरुवात होऊ शकते. आणि पाठीलाही उंचवटा असतो, किरण मात्र भिंगापासून ठरावीक अंतरावरच बारीक राहतो, दोन-तीन मिलिमीटर वरखाली झालं की रेघ जाड आणि फिकट होते, म्हणून खांद्याजवळ जिथे सपाट भाग मिळतो तिथेच नाव टाकायचं. आणि त्याआधी हे बघा, ताई जुना स्टिकर खरवडून काढतेय. बरेचसे स्टिकर विनाइलचे असतात, विनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसीवर लेझर मारला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो माणसाच्या फुप्फुसालाही वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही. म्हणून स्टिकर आधी निघाला पाहिजे, डिंकाचा थर पण पुसला पाहिजे.

(पडद्यावर: मशीनचं झाकण उघडं, काचेची नळी, तीन आरसे)

आता थोडं मागे जाऊ. जगातला पहिला लेझर 1960 साली थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवला, तो माणकाचा होता. लाकूड, चामडं, ॲक्रिलिक यावर आज जो चालतो तो कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर, तो 1964 साली बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी बनवला. भारतात जन्मलेला माणूस, आणि आज एवढ्या छोट्या छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांचंच काम चालू आहे, पण हे काम करणाऱ्यांनाही बहुतेक वेळा त्यांचं नाव माहीत नसतं. मला हे फार लागतं म्हणून इथे सांगितलं. या नळीतून निघालेला किरण तीन आरशांवरून वळत वळत भिंगात येतो आणि भिंग त्याला बारीक करून खाली सोडतं. लाकूड हा किरण पिऊन घेतं म्हणून जळतं, उघडा स्टील किंवा पितळ तो बराचसा परतवून लावतो.

धंदा सुरू करताना नेमकं इथेच चुकतं बघा. ताईने पहिलं मशीन घेतलं ते निळ्या डायोडचं, 450 नॅनोमीटरवालं, लाकडावर मस्त चालायचं म्हणून खूश होती, आणि पहिलीच मोठी ऑर्डर आली पारदर्शक ॲक्रिलिकच्या ट्रॉफींची. निळा प्रकाश पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार निघून जातो, काहीच उमटत नाही! ऑर्डर परत करावी लागली. मशीन आधी आणि माल नंतर ठरवला की असं होतं. लाकडी बुद्धिबळ, बॅट, ट्रॉफी, पावडर कोटिंगच्या बाटल्या असं काम करायचं असेल तर कार्बन डायऑक्साइडवालं मशीन, आणि उघड्या धातूची मेडल, सुऱ्यांची पाती, स्टीलचे भाग करायचे असतील तर फायबर लेझर, 1064 नॅनोमीटरचा. मासेमारीच्या रीलचा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची फिरकी, बरेचदा रंगीत ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचा असतो, त्यावर मात्र हे वायूवालं मशीनही चालतं, वरचा रंग उडतो आणि पांढरट खूण राहते. आणि ॲक्रिलिक घेताना कास्ट, म्हणजे साच्यात ओतून बनवलेलं घ्या, त्यावर पांढरं दुधाळ उमटतं, एक्स्ट्रुडेडवर, म्हणजे दाबून ढकलून काढलेल्यावर, तेवढा उठाव येत नाही.

(पडद्यावर: फळीच्या तुकड्यावर फिकटपासून काळ्यापर्यंत चौकोनांची जाळी)

हा शॉट आम्हाला सगळ्यात आवडला. आडवं पॉवर वाढत जातं, उभा स्पीड, आणि प्रत्येक चौकोन म्हणजे एक सेटिंग. ताईच्या भिंतीवर अशा फळ्या टांगल्यात, प्रत्येकीवर लाकडाचं नाव आणि तारीख. नवीन लाकूड आलं की आधी जाळी, मग काम. पाइनमध्ये मऊ आणि कडक पट्टे एकाआड एक असतात त्यामुळे अक्षर कुठे खोल कुठे उथळ जातं, मेपल एकसारखं जळतं. आणि जुन्या बॅटमध्ये वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं, म्हणून कोऱ्या लाकडाची सेटिंग तिच्यावर डोळे झाकून लावायची नाही. काकांच्या बॅटसाठी तिने एक फुटकी जुनी बॅट शोधून आणली, तेलवालीच, आणि तिच्यावर अकरा चौकोन मारले. एका नावासाठी अकरा! बाकी सगळं सोडून फक्त हे केलं तरी निम्मी कामं वाचतात असं माझं ठाम मत आहे.

आता अक्षरांचं, आणि हे मी जरा निवांत सांगणार कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं. नाव टाइप केलं, स्क्रीनवर छान दिसलं, कोरून बघितलं तर शिरोरेषेत दर अक्षराच्या जोडावर कोरी फट! (पडद्यावर: पहिला फसलेला तुकडा) कारण फॉन्टमध्ये शेजारशेजारच्या अक्षरांच्या रेघा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, म्हणजे रेघ अखंड दिसावी म्हणून, पण मजकुराचे आकार झाले की मशीनच्या सॉफ्टवेअरला वाटतं दोन आकार एकमेकांवर आलेत तर मधला भाग पोकळ, आणि ते तेवढं सोडून देतं. उपाय सोपा आहे पण कोणी सांगत नाही, मजकूर आधी आकारात बदलायचा आणि मग सगळे आकार एकमेकांत वेल्ड करायचे, म्हणजे जोडून एकच आकार करायचा, लाइटबर्न या लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये वेल्डचं बटणच आहे. दुसरी गंमत नाही, दुखणंच, काही प्रोग्राम जोडाक्षरं तोडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर टाकतात, म्हणून नाव दुसरीकडे नीट जुळवून त्याचे आकार आणायचे आणि कोरण्याआधी गिऱ्हाइकाला फोटो पाठवून होकार घ्यायचा. लहान अक्षरात अनुस्वार लाकडाच्या रेषेत हरवतो, तो थोडा मोठा करायचा. नातीच्या नावात पहिली वेलांटी पण आहे आणि अनुस्वार पण.

(पडद्यावर: टेबलावर मांडलेल्या वस्तू, ताई एकेक बाजूला सारतेय)

या सगळ्या वस्तूंना ताईने नाही म्हटलंय. कार्बन फायबरची रॅकेट आणि मासेमारीचा दांडा, रेझिन जळून धागे उघडे पडतात आणि नेमकी तिथे ताकद जाते. गिर्यारोहणाचं कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची कडी, ज्यावर माणसाचा जीव लटकतो त्याच्या भार घेणाऱ्या भागावर आम्ही चरा पाडणार नाही, कितीही आग्रह झाला तरी. आणि हा टेबल टेनिसचा जुना बॉल. जुने बॉल सेल्युलॉइडचे, ते भडकन पेटतं, 2014 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्लास्टिकचे बॉल आले पण लोकांच्या कपाटात जुने अजून आहेत, गिटारची काही पिकंही सेल्युलॉइडचीच असतात. कशाचं बनलंय कळत नसेल तर मशीनमध्ये ठेवायचंच नाही.

हा जो लाकडी साचा दिसतोय त्याला जिग म्हणतात, प्लायवूडमध्ये मेडलच्या मापाची भोकं पाडलीत, मेडल ठेवा, बटण दाबा, काढा, पुढची ठेवा. चाळीस मेडल एका दुपारी झाली ती याच्यामुळे, आणि ताई सांगते की एकाच मापाचं काम दुसऱ्यांदा येणार असं वाटलं की जिग जपून ठेवायचा, पाठीमागे माप आणि सेटिंग लिहून. बाटल्यांसाठी वेगळी रोटरी असते, बाटली फिरते आणि किरण एका रेषेत चालतो.

दराचं थोडक्यात, मशीनचा वेळ, फाइलचा म्हणजे संगणकावर नाव जुळवायचा वेळ आणि वाया जाणारे तुकडे तिन्ही धरायचे, पहिलं वर्षभर फाइलचा वेळ धरलाच नव्हता त्यामुळे हातात फार काही उरलं नाही. क्लबचं किंवा कंपनीचं चिन्ह परवानगी हातात आल्याशिवाय नाही. डोळ्यांच्या बचावाचा चष्मा आपल्या मशीनची तरंगलांबी बघून घ्यायचा, धुराचा पाइप बाहेर, आणि मशीन चालू असताना खोली सोडायची नाही. (पडद्यावर: प्लायवूडवर उठलेली ज्वाळा, ताईचा हात बटणावर) तीन सेकंद लागले बंद करायला.

(पडद्यावर: झाकणाची काच, आत बॅट)

झाकण बंद. आधी वेलांटी उमटतेय, मग शिरोरेषा, फट नाहीये कुठेच. चार मिनिटं लागली. धूर जाईपर्यंत ताईने झाकण उघडलं नाही, मग ओल्या फडक्याने काजळी पुसली.

काका नातीला घेऊनच आले होते. तिने बॅट उलटी धरली आणि अनुस्वारावर बोट ठेवलं.