कवितेखातर उठलेला वेढा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘जपानी सरदार घराण्यांचा वारसा टिकला कसा’. त्यावर मी येणारच आहे. पण काय टिकलं हे आधी बघितलं नाही तर ‘कसा’ला अर्थ नाही, म्हणून प्रथम तोक्योला जाऊ. तिकिटाचं संयोजकांशी बोलून घ्या.

वासेदाच्या बाजूने कान्दा नदी ओलांडली की एक अरुंद, उभा चढ लागतो, मुनात्सुकीझाका. अगदी छातीवर येतो. पर्वती रोज चढणारे इथे बसलेत, त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, मला वाटलं. चढाच्या एका अंगाला बाशोची झोपडी आहे. तोच तो हायकूवाला बाशो. उमेदीच्या काळात तो या भागातल्या पाणीपुरवठ्याच्या कामावर होता. पाणीपुरवठा खात्यातून कवी निघाल्याचं दुसरं उदाहरण तुम्हाला माहीत असेल तर नंतर सांगा, मी टिपून घेईन.

चढ संपला की झाडीत एक जुनी, चार मजल्यांची इमारत दिसते. एइसेइ बुन्को. कुमामोतोच्या होसोकावा घराण्याचा संग्रह इथे आहे. ‘दाइम्योचं’, म्हणजे जपानी जहागीरदार सरदाराचं, ‘संग्रहालय’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे राजवाडा येतो. हा राजवाडा नाही. शोवा काळाच्या, म्हणजे १९२६ नंतरच्या काळाच्या, सुरुवातीला होसोकावांनी बांधलेली ही घरची कचेरी. आपल्याकडे संस्थानांत ‘खासगी’ नावाचं खातं असायचं ना, तसलं खातं इथे बसायचं. सरदाराच्या तलवारी बघायला आपण जातो आणि शिरतो कारकुनांच्या खोल्यांत! मला हे फार आवडलं. घराणी तलवारीवर उभी राहत असतील, टिकतात ती कारकुनांवर.

जागा लहान, त्यामुळे सगळं एकदम मांडत नाहीत. विषय ठरवून, आलटून पालटून प्रदर्शनं भरवतात. ‘राष्ट्रीय ठेवा’ असा सरकारी दर्जा असलेल्या आठ वस्तू संग्रहात आहेत, पण तुम्ही जाल त्या दिवशी त्यांतली एकही दिसेल याची हमी नाही. यावरून आमच्या सहलीत काय झालं! आमचे सहलप्रमुख, नाव सांगत नाही, इथे येण्याच्या आधीपासून घड्याळ दाखवत होते. बसमधून घोषणा झाली की आता सामुराईचं चिलखत बघायचं, फोटो काढायचे, अर्ध्या तासात खाली. वर जाऊन बघतो तर त्या वेळी मांडली होती पत्रं! फोटोला मनाई. एक काकू मला म्हणाल्या, ‘अहो, एवढा चढ चढून कागद दाखवलेत?’ मी म्हटलं, काकू, हा कागद ओदा नोबुनागाचा आहे, सोळाव्या शतकात जपान एका हाताखाली आणायला निघालेल्या सरदाराचा. त्या म्हणाल्या, ‘असेल, पण मला कुठे वाचता येतोय?’ बिनतोड प्रश्न. नोबुनागाची सुमारे ६० पत्रं या एका घराने जपलीत. त्यांतलं एक खुद्द त्याच्या हातचं, १५७७ सालचं, कोवळ्या वयात लढाईत चमकलेल्या होसोकावा तादाओकीला दिलेली शाबासकी. बाकी बहुतेक लेखनिकांच्या हातची. सहलप्रमुखांनी हे सगळं वीस मिनिटांत आटोपलं, आणि पुढे एका दुकानात आम्हाला दीड तास सोडलं. ते जाऊ द्या.

हे घर सोवळं मात्र नाही. जुन्या जपानी शृंगारचित्रांचं, शुंगांचं, मोठं प्रदर्शन २०१३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये झालं. ते जपानात आणायचं तर एकेक संग्रहालय नको म्हणू लागलं. शेवटी २०१५ साली या लहानशा इमारतीने ते भरवलं. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नव्हता. तीन महिन्यांत २ लाखांहून जास्त माणसं तो चढ चढून आली, आणि त्यांत बायका निम्म्याहून जास्त होत्या. मागच्या रांगेतले आजोबा आत्ता ताठ बसले, हे मी इथून बघतोय.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे निमंत्रण स्वीकारलं ती सांगतो. सन १६००. मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला ते साल; चांदबीबी मारली गेली ते. त्याच सुमारास जपानात सेकिगाहाराच्या लढाईची तयारी चालली होती. होसोकावांचं मोठं सैन्य तादाओकीबरोबर पूर्वेला, तोकुगावा इएयासूच्या बाजूने गेलेलं. घरी, म्हणजे तांगो प्रांतातल्या तानाबेच्या किल्ल्यात, त्याचे वडील युसाइ. वय ६६. बरोबर जेमतेम पाचशे माणसं. विरुद्ध बाजूने चालून आले पंधरा हजार. ओसाकात तर त्याआधीच अनर्थ झाला होता. तादाओकीची बायको ग्रासिया हिला विरुद्ध बाजूचा म्होरक्या इशिदा मित्सुनारी याची माणसं ओलीस धरायला आली. ती ख्रिस्ती, तिला आत्महत्या वर्ज्य. तिच्या सांगण्यावरून घरच्या कारभाऱ्याने तिला मारलं आणि वाडा पेटवून दिला. ही ग्रासिया म्हणजे अकेचि मित्सुहिदेची मुलगी, नोबुनागाला दगा देणाऱ्या मित्सुहिदेची. त्या दग्याच्या वेळी व्याही मदत करतील असं मित्सुहिदेला वाटलं होतं. युसाइने डोकं भादरलं, नोबुनागाचं सुतक पाळलं आणि व्याह्याला नकार कळवला. घराणं काय होतं ते यावरून समजा.

तर तानाबे. युसाइ लढवय्या होताच, पण त्याच्याकडे आणखी एक चीज होती. ‘कोकिनशू’ हा दहाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या बादशहाच्या आज्ञेने सिद्ध झालेला काव्यसंग्रह, सुमारे अकराशे कवितांचा. त्याच्या अर्थाची एक गुप्त परंपरा होती, गुरूने शिष्याला तोंडी द्यायची. त्या घडीला ती युसाइकडे होती, आणि बादशहाचा धाकटा भाऊ राजपुत्र तोशिहितो त्याच्याकडे ती शिकत होता. शिकवणी अर्धी झाली होती. म्हणजे किल्ला पडला, म्हातारा मेला, तर विद्या गेली. राजपुत्राने निरोप धाडला, तह करा. युसाइने साफ नाही म्हटलं. मात्र पोथ्या आणि विद्या दिल्याचा दाखला पेटीत घालून राजपुत्राकडे पाठवून दिला. म्हणजे मी मरतो, तुम्ही काळजी करू नका. बाहेर वेढ्यात त्याचेच काही काव्यशिष्य होते. ते तोफा डागायचे, पण गोळा न घालता, अशी आख्यायिका आहे. शेवटी बादशहा गोयोझेइने तीन दरबारी वकील पाठवले आणि वेढा उठवायचं फर्मान काढलं. साठेक दिवसांनी किल्ल्याची दारं उघडली आणि दोनच दिवसांत सेकिगाहाराची लढाई लागली. ते पंधरा हजार तिथे पोचलेच नाहीत. जपानच्या पुढच्या अडीचशे वर्षांच्या मालकीचा निकाल ज्या दिवशी लागला, त्या दिवशी हरणाऱ्या बाजूची एवढी मोठी फौज एका कविताप्रेमी म्हाताऱ्यापायी गैरहजर होती!

त्या तीन वकिलांतला एक कारासुमारु मित्सुहिरो. हाही पुढे युसाइचा शिष्य झाला. ही विद्या देताना युसाइने त्याला बुंगो प्रांतातल्या युकिहिराने घडवलेली तलवार दिली. पुढे ती घराबाहेर राहिली आणि विसाव्या शतकात होसोकावा मोरितात्सूने परत मिळवली. त्या आठ ‘राष्ट्रीय ठेव्यां’त ती आहे. आता काकूंचा प्रश्न घ्या. काचेपलीकडे ती बघताना तुम्हाला दिसतं एक वाकडं, चकचकीत पोलाद. ती कोणी कोणाला का दिली हे कोणीतरी लिहून ठेवलं, ते लिहिलेलं पुढच्यांनी जपलं, म्हणून ती ती तलवार आहे. आपल्याकडे वाड्यातली तलवार भिंतीवर असते आणि मोडी रुमाल माळ्यावर. माळा साफ करायला निघाला की रुमाल रद्दीत जातात. मग तलवार कोणाची? ‘आमच्या खापरपणजोबांची.’ नाव? ‘ते काकांना माहीत होतं.’

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं, छापलेला विषय.

१८७१ साली दाइम्योंच्या जहागिरी गेल्या, पण त्यांना उमरावपदं आणि पैसा मिळाला. तो पुरला नाही. १९१६ साली सेन्दाइच्या दाते घराण्याने वस्तूंचा लिलाव केला आणि मग रीघ लागली. १९२७ साली उमरावांची म्हणून ओळखली जाणारी पंधरा नंबरची बँक बंद पडली, तेव्हा तर जुन्या घरांतून पेटारेच्या पेटारे बाहेर आले. ज्यांना हे आधी दिसलं त्यांनी एक गोष्ट केली : वस्तू वारसांच्या नावावर ठेवल्याच नाहीत, विश्वस्त संस्थेच्या केल्या. कागाच्या माएदांनी १९२६ साली, ओवारीच्या तोकुगावांनी १९३१ साली. युद्धानंतर १९४६ चा मालमत्ता कर आला, वरचा दर ९० टक्के. १९४७ साली उमरावपदंच गेली. मोरितात्सूने १९५० साली एइसेइ बुन्को स्थापन केलं, १९७२ पासून ते सगळ्यांना खुलं झालं. घराण्याचं दप्तर कुमामोतो विद्यापीठाकडे दिलं. त्याचा नातू मोरिहिरो १९९३ साली पंतप्रधान झाला, वर्ष भरायच्या आत पायउतार झाला, नंतर मातीची भांडी घडवू लागला. त्याच्या पिढीत वाटण्या झाल्या असत्या तर ती तलवार एकाकडे आणि पत्रं दुसऱ्याकडे गेली असती. संस्थेला भाऊबंद नसतात, माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. आणि संस्था म्हणजे पाटी नव्हे. कारकून, याद्या, वाळवीचा बंदोबस्त, दर वर्षी.

उलट उदाहरण तुमच्या शेजारचं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या कोराकुएनवरून केलंय, ते इकेदा त्सुनामासा या दाइम्योने १७०० साली पुरं केलं. त्या इकेदांच्या ठेवणीतल्या वस्तू ओकायामातच आहेत, पण घराण्याकडे नाहीत. हायाशिबारा इचिरो या तिथल्या उद्योगपतीने जमवल्या आणि १९६४ साली त्यांचं संग्रहालय झालं. याला घराण्याचा वारसा टिकला म्हणायचं की विकला गेला, यावर अध्यक्षांचं आणि माझं चहाच्या वेळीच वाजलंय. ते आता बोलतील, आणि मला उत्तर द्यायला वेळ राहणार नाही, याची व्यवस्था त्यांनी चिठ्ठी पाठवून केलेलीच आहे.