आठवड्याला तीस पाउंड

(परभणीत क्रीडाशिक्षक, पालक आणि खेळाडूंसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘खेळाडूची जिद्द’. समोर एवढी मुलं बसली आहेत, तेव्हा तो साहजिकच आहे. पण मी आज मुलांपेक्षा मोठ्यांशी जास्त बोलणार आहे. क्रीडाशिक्षक, पालक, मंडळं चालवणारे कार्यकर्ते यांच्याशी. माझी सगळी नोकरी मैदानावर गेली आणि जिद्दीची टंचाई मी या भागात कधी पाहिली नाही. टंचाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. ती कशाची, हे सांगण्यासाठी मी एका इंग्रज फुटबॉलपटूची गोष्ट घेऊन आलो आहे.

जेमी वार्डी. जन्म ११ जानेवारी १९८७, शेफील्ड. पोलादाचं शहर. तिथल्या शेफील्ड वेन्सडे या मोठ्या क्लबच्या युवा संघात तो होता. सोळाव्या वर्षी क्लबनं त्याला काढून टाकलं. कारण काय, तर अंगापिंडानं लहान. पोरगं इतकं खचलं की काही महिने त्यानं फुटबॉलच सोडला. मग शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स नावाच्या क्लबमध्ये तो खेळायला लागला. हा क्लब कुठे, तर इंग्लंडच्या सर्वांत वरच्या प्रीमियर लीगपासून खाली मोजत गेलं तर आठव्या पायरीवर. पहिल्या संघात आल्यावर त्याला मिळायचे आठवड्याला तीस पाउंड. तेवढ्यात घर चालत नाही, म्हणून तो एका कारखान्यात कामाला होता. पाय अधू झालेल्या रुग्णांसाठी कार्बन फायबरचे आधार तिथे बनायचे. जड साचे भट्टीत ठेवायचे, बाहेर काढायचे, पुन्हा ठेवायचे. दिवसभर हे काम, संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच.

त्यातच २००७ मध्ये एका मारामारीच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली. सहा महिने घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा, आणि संध्याकाळी सहाच्या आत घरात. बाहेरगावी सामना असला की हा मध्येच मैदान सोडायचा, कारण घरी पोचायला उशीर झाला तर तुरुंग. मी हे लपवत नाही. मुलांपुढे आदर्श ठेवताना त्याची चूक पुसून टाकायची सवय आपल्याला आहे, ती मला पटत नाही. चूक झाली, शिक्षा भोगली, आणि क्लबनं त्याला घालवून दिलं नाही. पुढच्या शनिवारी जर्सी त्याची होतीच. यातला क्लबचा वाटा मला फार मोठा वाटतो.

२०१० च्या उन्हाळ्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो हॅलिफॅक्सला गेला. तिथून २०११ मध्ये फ्लीटवुडला. तिथे एका हंगामात ३६ लीग सामन्यांत ३१ गोल. मे २०१२ मध्ये लेस्टर सिटीनं त्याच्यासाठी दहा लाख पाउंड मोजले. व्यावसायिक लीगच्या बाहेरच्या क्लबमधल्या खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम कुणी दिली नव्हती. म्हणजे व्यावसायिक लीगमधल्या संघाच्या यादीत त्याचं नाव लागलं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पहिला हंगाम वाईट गेला, फुटबॉल सोडावा असंही त्याच्या मनात आलं, प्रशिक्षकांनी समजूत घातली. पुढचं पोरांना माहीत आहे. २०१५-१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीगचा विजेता, आणि त्याच हंगामात वार्डीचे सलग अकरा लीग सामन्यांत गोल. तो विक्रम. २०१९-२० मध्ये तेहतिसाव्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त, २३ गोल.

आता माझा मुद्दा. ही गोष्ट सांगताना लोक इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, जिद्द असेल तर माणूस कुठल्या कुठे जातो. मी विचारतो, कारखान्यात भट्टी हाताळणारं हे पोरगं कुणाला दिसलं कसं?

दिसलं, कारण तो जिथे खेळत होता तिथे दर शनिवारी मॅच होती. आठव्या पायरीवरसुद्धा हंगामाचं वेळापत्रक होतं, गुणतक्ता होता, कुणी किती गोल केले याची नोंद होती. संघ जिंकत गेला की वरच्या पायरीवर जातो, हरत गेला की खाली येतो, त्यामुळे वरच्या प्रत्येक क्लबला खालच्या पायरीवर लक्ष ठेवावंच लागतं. आठव्या पायरीवरचा चांगला खेळाडू सातव्या पायरीवरच्या माणसाला दिसतो, सातवीतला पाचवीतल्याला. हॅलिफॅक्सच्या प्रशिक्षकाला वार्डीमध्ये प्रीमियर लीगचा खेळाडू ओळखायची गरज नव्हती. आपल्या संघाला पुढच्या हंगामात गोल करून देणारा माणूस ओळखला, एवढंच पुरे झालं.

लेस्टरच्या त्या विजेत्या संघात वार्डी एकटा नव्हता. रियाद माहरेझ फ्रान्समधल्या कॅंपेर नावाच्या छोट्या क्लबपासून वर आला. एन्गोलो कान्तेला लहान चणीमुळे मोठ्या अकादम्यांनी घेतलं नाही. तो पॅरिसच्या उपनगरातल्या सुरेन क्लबमध्ये खेळत राहिला, सोबत अकाउंटन्सीचं शिक्षण घेतलं, आणि २०१८ मध्ये विश्वविजेत्या फ्रान्सच्या संघात होता. नाकारलेली पोरं एकाच संघात भेटली हा योगायोग नव्हे. लेस्टरची माणसं छोट्या मैदानांवर जाऊन बघत होती.

कुणी म्हणेल, सर, हे साहेबाच्या देशातलं झालं. मग आपल्या घरातलं सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परभणी ज्या हैदराबाद राज्यात होती, त्या राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होते. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा जिंकली. आपण महाराष्ट्राच्या वाटेवर त्या राज्यातून बाहेर पडलो आणि सव्वा महिन्यात मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये रहीमसाहेबांचा भारतीय संघ चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण मिळालं तेही त्यांच्याच हाताखाली.

रहीमसाहेब शहरात सतत स्पर्धा भरवायचे. कधी ड्रिब्लिंग, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत पळणं, न करता खेळायचं, कधी फक्त कच्च्या, म्हणजे कमी सवयीच्या पायानं. त्यात मुलं शिकायची आणि शिकताना त्यांच्या डोळ्यांसमोर असायची. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा तुळशीदास बलराम त्यांना असाच दिसला. घरी दारिद्र्य. रोज सरावाला शहरात यायचं तर सायकल भाड्यानं घ्यावी लागणार, तेवढे पैसे नव्हते. सायकलचं भाडं रहीमसाहेबांनी दिलं. तो मुलगा १९५६ आणि १९६० असे दोन ऑलिम्पिक खेळला, रोममध्ये त्यानं हंगेरी आणि पेरूविरुद्ध गोल केले. सायकलच्या भाड्यापाशी एक ऑलिम्पियन अडला होता, मंडळी. आपल्या तालुक्यात एसटीच्या भाड्यापाशी किती अडले असतील?

आता आपल्याकडचं चित्र. शालेय फुटबॉल स्पर्धा कधी असतात? पावसाळ्यात. आपली जमीन कोणती? काळी. दोन सरी पडल्या की मैदानाचा चिखल होतो आणि बुटाच्या स्टडमध्ये तो असा बसतो की प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. बाहेर बसलेली पोरं सायकलच्या मोडक्या आरीनं एकमेकांचे बूट खरवडत असतात, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्या चिखलात चपळ, हलका, पायात कसब असलेला मुलगा फसतो आणि दांडगा मुलगा उठून दिसतो. वार्डीला लहान म्हणून काढलं त्याचं आपल्याला नवल वाटतं, पण आपणही दरवर्षी निवड तशीच करतो. मैदानावर चार-सहा ट्रॉल्या मुरूम टाकून तो दाबून घेतला, कडेनं चर काढला, तरी फरक पडतो. हे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तालुक्याची स्पर्धा बाद पद्धतीची. सकाळी नऊला सामना, दहाला हरले, साडेदहाला टेम्पोत. संपलं वर्ष! जो मुलगा जूनपासून पहाटे उठून सराव करत होता त्याला वर्षभरात एक मॅच मिळाली. एका मॅचमध्ये कुणाला काय कळणार? आणि जिंकलेल्यांच्या घरचा पहिला प्रश्न, सर, सर्टिफिकेट कधी मिळेल? मी पालकांना दोष देत नाही. दहावी-बारावीचे ग्रेस गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण हा गरिबाच्या घरचा खरा आधार आहे. पण सगळी व्यवस्था सर्टिफिकेटपाशी संपते, आणि अठरा वर्षांनंतर खेळायला जागाच उरत नाही. वार्डी अठराव्या वर्षी कोण होता? कुणीही नाही.

बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. लहानपणी शाळेला धावत जायचा, हे आपण कौतुकानं सांगतो. पण बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि तिथे क्रॉस-कंट्रीच्या नियमित शर्यती होत्या, म्हणून तो धावपटू आहे हे कळलं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण. मांडव्यात राहिला असता तर पाय तेच असते.

माझा एक विद्यार्थी होता. डावखुरा, लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आसपास कुटुंब कोयता घेऊन निघालं की हाही जायचा, तो उन्हाळ्याच्या तोंडावर परत. निवड चाचणी त्या काळात आली की नाव कटलं. एका वर्षी त्यांची टोळी कोल्हापूरकडे होती. तिथे त्यानं शाहू स्टेडियममध्ये दोन तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना पाहिला. परत आल्यावर तो मला काय म्हणाला? ‘सर, तिथं मॅच बघायला बायाबापड्या येतात, आन् हरलेला संघ पुढच्या आठवड्यात परत खेळतो.’ खेळ किती भारी होता हे त्यानं नंतर सांगितलं, आधी हे सांगितलं. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या हे जपलं आहे. त्याच शहरातल्या रिक्षावाल्याचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

माझा विद्यार्थी सध्या पुण्यात आहे. दिवसा कुरिअरच्या गाडीवर काम करतो आणि तिथल्या स्थानिक लीगमध्ये खेळतो. कुठल्याही व्यावसायिक संघाच्या यादीत त्याचं नाव नाही. वय तेवीस. मी त्याला खोटी आशा दाखवत नाही. आपल्याकडे पायऱ्या कमी आणि डगमगत्या आहेत. आयएसएल, म्हणजे आताची देशातली सर्वांत वरची फुटबॉल लीग, २०१४ मध्ये सुरू झाली, पण तिच्या खालच्या आय-लीगच्या विजेत्याला वर जाण्याची वाट २०२३ मध्ये पंजाबच्या संघापासून खुली झाली. पुण्याचा संघ आला आणि बंद पडला, २०२५ मध्ये तर लीगचा हंगामच लांबला. तरी तो दर आठवड्याला खेळतो, कुणाच्या तरी नजरेसमोर आहे, ही त्याची खरी मिळकत आहे. माझ्या शाळेत असताना ती मी त्याला देऊ शकलो नाही, कारण इथे लीग नव्हती.

म्हणून माझं मागणं साधं आहे. या जिल्ह्यात आठ संघ उभे करा. शाळा, मंडळं, पोलीस, कुणीही. दसऱ्यानंतर जमीन वाळली की सुरू करा. प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळला की प्रत्येकाचे चौदा सामने होतात. रविवारी सकाळी दोन सामने, म्हणजे हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. पंच तयार करा, मानधन थोडं का असेना वेळेवर द्या. एक वही ठेवा, तिच्यात प्रत्येक सामना, खेळाडू, गोल, कार्ड लिहा. मोबाइलवर सामन्याचं चित्रण करा, सलग, नव्वद मिनिटं. नुसत्या गोलांच्या रील्स नकोत, बघणाऱ्याला चेंडू पायात नसताना मुलगा काय करतो ते बघायचं असतं. क्लब रीतसर नोंदवा, महाराष्ट्रातली वरची संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आहे, आणि क्लबमार्फत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत खेळाडूची नोंद करा. नोंद नसलेला मुलगा कागदावर जन्मलेलाच नसतो. आणि ऊसतोडीला गेलेल्या पोराची जागा राखून ठेवा. तो मार्चमध्ये आला तर उरलेले सामने त्याचे.

प्रश्नोत्तरांत एका भगिनींनी विचारलं की त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा आहे, ‘ट्रायलला निवड पक्की करून देतो’ म्हणून कुणी तरी वीस हजार मागतो आहे, द्यावेत का? ताई, एक रुपया देऊ नका. जो क्लब खरोखर घेणार असतो तो निवडीची हमी विकत नाही. मुलाला बारावी करू द्या, पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा तर भरू द्या, कारखान्यात काम मिळालं तर करू द्या. या सगळ्याबरोबर खेळता येतं, सतरा म्हणजे उशीर नाही. त्याला रविवारी सकाळी सात वाजता स्टेडियमच्या मागच्या मैदानावर पाठवा. बूट नसले तरी चालेल, त्याच्या मापाचे माझ्याकडे असतील. मापाचा आकडा मात्र आज जाताना सांगून जा.