मामांच्या कानातला माग

(खातं, म्हणजे यंत्रमागांची शेड. पहिले दहा सेकंद निवेदन नाही, फक्त मागांचा आवाज.)

हा आवाज आम्ही एडिटिंग करताना बराच खाली आणलाय. प्रत्यक्ष खात्यात बोलायचं तर समोरच्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. म्हणून इथे कुणी बोलतच नाही, हातवारे चालतात. दोन बोटं वर म्हणजे चहा. मनगटावर टिचकी म्हणजे पाळी संपायला किती वेळ. मोबाईलवरचं आवाज मोजायचं ॲप ९५च्या खाली यायला तयार नाही. कारखान्यात आठ तासांसाठी मर्यादा ९० डेसिबलची. इथली पाळी बारा तासांची.

गाव इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं, आणि पंचगंगेकाठचं हे गाव कापडाचं झालं. आता गल्ल्यागल्ल्यांतून नव्या, बिनधोट्याच्या मागांची खाती उभी राहिलीत. पण हे खातं जुनं आहे. इथे अजून धोटा पळतो.

(धोट्याचं संथगती दृश्य.)

धोटा म्हणजे हा लाकडी, टोकाला धातू बसवलेला तुकडा. पोटात सुताची कांडी. काठीचा फटका बसला की या पेटीतून सुटतो आणि पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो. तिथून परत. मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या. खात्यात चोवीस माग आहेत, हिशेब तुम्हीच करा.

आणि हे मामा. खऱ्या नावाची गरज नाही, अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणते. मामा जॉबर आहेत, म्हणजे मागाचे डॉक्टर. एकतीस वर्षं झाली. त्यांचं काम बघताना डोळ्यांकडे बघू नका, मान बघा. चालता चालता ती किंचित कलते. चोवीस मागांच्या गदारोळात सतराव्या मागाचा ठोका अर्धा क्षण मागे पडलाय, ते त्यांना मागं वळून न बघता कळतं. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मागाच्या सांगाड्याला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. "बेअरिंग." झालं निदान.

आवाज बदलला की काहीतरी मोडलंय. एकतीस वर्षं मामांच्या डोक्याने हा एकच धडा गिरवलाय. पुढचं सगळं समजायला तो लक्षात ठेवा.

(रात्र. मामांचं घर. बंद फ्रिज, भिंतीवरचं मीटर.)

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. खाती बंद. गल्लीत वर्षातून चार दिवस मिळणारी शांतता. रात्री दोनला मामा उठले. कुठेतरी मोटर चालू राहिली होती. बारीक, सुईसारखी सूं… त्यांनी फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. मेन स्विच पाडला. अंधारात भिंतीला स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं. मामी म्हणाल्या, "तुमचे कान वाजायलेत." आपण हे एरवी थट्टेत म्हणतो. त्या रात्री ते शब्दशः खरं होतं.

सुश्रुतांनी कानाचे अठ्ठावीस रोग मोजले, त्यांत हा आहे: कर्णनाद. दुखणं नवं नाही. बेथोव्हेनने १८०१ साली मित्राला लिहिलेल्या पत्रात हीच तक्रार आहे, कान रात्रंदिवस गुणगुणतात म्हणून.

मामांनी कोमट तेल घातलं. मोबाईलवर शोधलं, आणि तिथे मेंदूतली गाठ भेटली. झोप गेली. एका दवाखान्यात तपासणीनंतर सांगितलं गेलं, "याला औषध नाही, सवय करून घ्या." वाक्य दहा सेकंदांचं. ते खोटं नाही, आणि आमचा राग तिथेच आहे. अर्धं खरं सांगून माणसाला घरी पाठवलं की उरलेलं अर्धं तो स्वतः भरतो, आणि रात्री दोनला माणूस चांगलं काही भरत नाही.

(आकृती: कानातला शंख.)

उरलेलं अर्धं हे असं. कानाच्या आतल्या या शंखात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. आतल्या ओळीत साधारण साडेतीन हजार, बाहेरच्या ओळींत बारा हजार. आवाजाच्या लाटेने तंतू वाकतात आणि मेंदूकडे निरोप जातो. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात या पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपासचं ऐकणं जातं. मांडवात माईकमधून आवाज येईना की साउंडवाला बटण वर चढवतो, आणि भोंग्यातून नुसती घूं बाहेर पडते. ऐकण्याच्या वाटेवरून निरोप कमी यायला लागले की मेंदूही तसंच बटण चढवतो. निदान शास्त्रज्ञांचं सध्याचं मुख्य स्पष्टीकरण तरी हेच आहे.

पण घूं ऐकू येणं वेगळं आणि घूं छळणं वेगळं. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि जे ऐकू येईल ते टिपायला सांगितलं. पाच मिनिटांत ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं. गुणगुण, शिट्टी, सूं. बाहेर येऊन ती माणसं आपापल्या कामाला लागली.

मामा लागले नाहीत, कारण मामा जॉबर आहेत. त्यांच्या डोक्यात नव्या आवाजाला एकच अर्थ: मोडलंय, शोध. पावेल जास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने १९९० साली मांडलं ते थोडक्यात हे, की आवाजाचा उगम ऐकण्याच्या यंत्रणेत असला, तरी त्रासाचा कारखाना भीतीच्या आणि शरीर सावध ठेवणाऱ्या यंत्रणेत असतो. एकदा मेंदूने त्या सूंवर धोक्याचा शिक्का मारला की पहारा सुरू होतो. छाती धडधडते, जबडा आवळतो, झोप उडते. जबडा आणि मान आवळल्याने काहींचा आवाज आणखी बदलतो. बदललेला आवाज म्हणजे जॉबरला आणखी एक खोड! काळजीने आवाज वाढतो की आवाजाने काळजी, असा वाद घालण्यात अर्थ नाही. धोटा कुठल्या पेटीतून निघाला, हे चालू मागावर कोण सांगणार?

(सरकारी रुग्णालय. काचेच्या खिडकीची बंद खोली.)

चित्रीकरणातला हा भाग आम्ही जवळजवळ पूर्ण ठेवलाय. श्रवणतज्ज्ञ मॅडम मामांना हेडफोनमधून सूर ऐकवतायत. तुमच्या कानातला आवाज यातला कुठला? मामा मान कलवतात. "अजून बारीक… नाही, वर… हां. हाच." ६००० हर्ट्‌झ. आता तीव्रता. मॅडम खालून चढवत आणतात. मामा हात वर करतात. जेमतेम ऐकू येईल त्याच्या चार-पाच डेसिबल वर.

मॅडम तोच सूर खोलीतल्या टेबलपंख्याशेजारी लावतात. पंख्यात तो हरवतो.

"एवढासाच?"

एवढासाच. तपासलेल्या बहुतेकांचं असंच निघतं. मोजलेला आवाज बारीक, आणि त्रासाचं माप त्याच्याशी फारसं जुळत नाही. त्रास मोजायला २५ प्रश्नांची वेगळी यादी आहे, शंभरपैकी गुण, जितके जास्त तितका त्रास जास्त. प्रश्न झोपेचे, चिडचिडीचे, हताशपणाचे. मामांचे ६८ आले.

मधल्या काळात मामांनी रातपाळी सोडली, पगार निम्म्याला आला, आणि मुलीच्या शिक्षणाचं कर्ज मामींच्या शिवणकामावर आलं.

उपचार दिसायला अगदी साधे आहेत, कॅमेऱ्याला फारसं काही देत नाहीत. कमी ऐकू येतं म्हणून श्रवणयंत्र. रात्री रेडिओ हळू, कानातली सूं बुडवायची नाही, तिला सोबत द्यायची. आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे विचार तपासायचं काम. या पद्धतीने आवाजाची पातळी बदलत नाही, त्रास कमी होतो, असं आजवरच्या अभ्यासांतून दिसतं. मामांची वही बघा. डाव्या बाजूला: "उद्या उठलो तर बहिरा असणार." उजव्या बाजूला, चार दिवसांनी, वेगळ्या पेनने: "उठलो. कावळा ऐकला."

एकाच कानात आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज, किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर थांबू नका, लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटू लागलं तर टेली-मानस, १४४१६.

कानात घालायचे बोळे या खात्यात कुणी वापरत नाही. मामांनी ते आणून वाटले, दोन दिवस सगळ्यांनी घातले. मग एकजण म्हणाला, मागाची खोड ऐकू येत नाही.

(पुन्हा खातं. दुपार.)

लाईट गेली. चोवीस माग एकेक करत थांबले. आता जे ऐकू येतंय, ते फक्त मामांना. त्यांचा हात कानाकडे जातो, अर्ध्यावर थांबतो, आणि खाली येऊन पोराकडे वळतो.

"पाना दे रे. बंद आहे तोवर सतरावा बघून घेऊ."