चेंबर खोलल्यावर

ही ऑइल पंपाची जाळी. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, उतरवून आत्ताच काढली आहे. तिला चिकटलेला हा काळा गोळा चिमट्याने ओढला की रबरासारखा ताणला जातो. हा बाहेरून आलेला कचरा नाही. मागच्या वेळी चेंबर बसवताना जोडातून ऑइल गळू नये म्हणून ट्यूबमधून लावलेलं सिलिकॉन आहे. गरजेपेक्षा जास्त लावलं, बोल्ट आवळले, आणि जेवढं बाहेर आलं तेवढंच आतही गेलं. बाहेरचं पुसता आलं. आतलं सुटून ऑइलमध्ये पडलं आणि पंपाने ते ओढून इथे आणलं. ऑइल वर चढेना, बेअरिंग गेलं.

आता तोच जोड पुन्हा बंद करायचा आहे.

जोडात पॅकिंग, म्हणजे कापून तयार केलेला कागद किंवा पत्रा, घालायचं की ट्यूब लावायची, हे नंतर. आधी ही सफाई बघा. जुना थर पूर्ण निघायला हवा, पण ॲल्युमिनियमवर ओरखडा उठता कामा नये. म्हणून मिस्त्रींच्या हातात प्लास्टिकची पट्टी आहे. मशीनला लावायची खरखरीत चकती मुद्दाम बाजूला ठेवली आहे. चकतीने काम झटपट होतं खरं, पण तिची बारीक धूळ ऑइलच्या वाटांत शिरते आणि बेअरिंग खाते.

(निवेदन नाही. फक्त खरवडण्याचा आवाज.)

मग सॉल्व्हंट आणि पांढरं फडकं. पहिला हात काळा. दुसरा तपकिरी. चौथ्या हाताला फडकं पांढरंच राहिलं. इतकं का पुसायचं? ओशटपणा राहिला, तर कितीही महागडं सिलिकॉन असो, धातूला धरत नाही. गळतीचा दोष ट्यूबला दिला जातो आणि पुढच्या वेळी ती दुप्पट फासली जाते.

आता टेबलावर तीन वस्तू.

हे हेड गॅस्केट, इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. पोलादी पत्र्याचे थर एकावर एक. एका बाजूला सिलिंडरमधल्या ज्वलनाचा दाब, शेजारी पाणी, शेजारी ऑइल. इथे ट्यूबचं काम नाही.

हे ऑइल पंपाच्या कव्हरचं कागदी पॅकिंग. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरमध्ये धरलंय ते उगाच नाही. गिअर आणि कव्हर यांच्यामधली फट या कागदाच्या जाडीवर ठरते. कागद काढून नुसती ट्यूब लावली, तर गळती थांबेल, पण गिअर कव्हरला घासेल. सगळीकडे एकच ट्यूब चालवायची सवय इथे महागात पडते.

आणि हे क्रँककेसचे, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या पेटीचे, दोन अर्धे. इथे उलट आहे. बेअरिंगचं भोक दोन्ही अर्धे एकत्र आवळून कातलेलं असतं. मध्ये कागद घातला की भोक गोल राहत नाही. म्हणून इथे हवाबंद जागेत घट्ट होणारं सीलंट लावतात. दोन धातूंमध्ये दाबलं गेलं, हवा तुटली, की ते आवळतं. कडेला उघड्यावर राहिलेला हा थेंब बघा, अजून ओलाच आहे.

राहिला आपला चेंबर. या इंजिनाला कंपनीने इथे पॅकिंग दिलेलंच नाही, म्हणून सिलिकॉन. हे हवेतल्या ओलाव्याने पकडतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेतलेलं नाही, त्यातलं आम्ल धातूला गंज आणतं.

आता हात बघा. ट्यूबचं तोंड बारीक कापलंय. तीनेक मिलिमीटरची धार, सलग, प्रत्येक बोल्टच्या भोकाला आतल्या बाजूने वळसा घालून. कोपऱ्यावरही वेग तोच. जिथून सुरुवात केली, तिथेच धार येऊन मिळते. मिस्त्री बोट लावत नाहीत, नुसते खाली वाकून उजेडात धार तपासतात.

वर साय धरायच्या आत चेंबर बसायला हवा. सरळ वर, न सरकवता. बोल्ट आधी हातानेच, मग समोरासमोरचे, शेवटी ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क रेंच. कडेला बारीकशी रेघ आली. आतही तेवढीच असेल.

ऑइलचा डबा शेजारीच आहे. तो उद्या उघडायचा, चोवीस तासांनी.