डिसेंबर ते जून

(दृश्य : गोव्यातल्या हॉटेलची लाँड्री, सकाळची पाळी. विशेष शाळेतून आलेला, बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा कामावर)

टेबलावर पांढऱ्या टॉवेलांचा ढीग. टेबलाच्या कडेने चिकटपट्टीचे दहा चौकोन आखलेले. टॉवेल आधी लांबीत तिघडी, मग दोनदा दुमडायचा, शिवण आत. एका चौकोनात एक. दहा भरले की गठ्ठा ट्रॉलीवर. ज्याला दहापर्यंत मोजता येत नाही, त्याचाही गठ्ठा चुकत नाही. मोजायचं काम टेबलावर सोपवलेलं आहे.

अडतं ते डागांपाशी. ‘घाण टॉवेल बाजूला काढ.’ पण घाण म्हणजे किती? बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला हे मोघम बोलणं पोचत नाही. म्हणून भिंतीवर दोन फोटो : चहाचा डाग, लिपस्टिकचा डाग. खाली लाल टोपली. तसं काही दिसलं की टोपलीत. शंका आली तरी टोपलीतच.

शाळेत वर्षभर घोटलेली घडी इथे पहिल्याच दिवशी बिघडते. इथला टॉवेल जड, टेबल उंच, शेजारी ड्रायर घोंघावतोय. त्यामुळे खरं शिकवणं कामाच्या जागीच व्हावं लागतं. जॉब कोच, म्हणजे कामावर सोबत राहून शिकवणारा, आधी पूर्ण पाळीभर शेजारी, मग दाराशी, मग आठवड्यातून एक फेरी. घाईने हात काढून घेतला की काम कोसळतं आणि ठपका मात्र मुलावर येतो.

(दृश्य : म्हापसा बसस्थानक, संध्याकाळ)

कामापेक्षा वाट अवघड. डिचोलीकडच्या गावातून किनाऱ्यावर जायचं तर म्हापशात बस बदलावी लागते. फलक वाचता येत नसेल तर मोबाइलमध्ये बसच्या पाटीचा फोटो ठेवायचा. सरावात एकदा मुद्दाम चुकीच्या थांब्यावर उतरवून फोन करायला लावायचा, कोच थोडं अंतर ठेवून मागे. रात्री गावाकडच्या बसगाड्या विरळ होतात, म्हणून पाळी दिवसाचीच मागून घ्यायची. हे रुजू होण्याआधी ठरवावं, नंतर कुणी ऐकत नाही.

(दृश्य : कागदांची फाइल)

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. मोफत शिक्षणाचा हक्क 6 ते 18 वर्षांपर्यंत. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण. त्यातला शेवटचा एक टक्का स्वमग्न, बौद्धिक अक्षम, मनोरुग्ण, बहुविकलांग अशा सगळ्यांमध्ये मिळून. त्यात बऱ्याच पदांना दहावी लागते आणि विशेष शाळेतून बाहेर पडणाऱ्या अनेकांकडे ती नसते. मुक्त विद्यालयातून दहावी करता येते, पण विचार चौदाव्या वर्षी सुरू व्हावा. अठराव्या वर्षी फार उशीर झालेला असतो.

यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, मुदत आधी पाहा. तात्पुरतं प्रमाणपत्र नेमकं भरतीच्या वेळी संपतं. बँकेत पगार जमा होतो, पण सही जुळत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असेल आणि गरज असेल तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. बऱ्याच घरांत आणखी एक धास्ती : नोकरी लागली तर दर महिन्याची सरकारी मदत थांबेल का? या एका शंकेपायी कामाला नकार दिला जातो. समाज कल्याण खात्यात आधीच विचारून घ्यावं.

(दृश्य : पाऊस, रिकामा किनारा)

‘इतक्या मुलांना नोकऱ्या लागल्या’ हा आकडा सहसा डिसेंबरचा असतो, हंगाम भरात असतानाचा. जूनमध्ये खोल्या रिकाम्या, कंत्राटी माणसं कमी, सुपरवायझर बदललेला. नव्याला कुणी सांगितलेलंच नसतं की ह्या मुलाला एका वेळी एकच काम सांगायचं. आमच्या मते मोजणी रुजू झाल्यापासून बारा महिन्यांनी व्हावी.

तोपर्यंत दोन गोष्टी हातात आहेत. लाँड्रीच्या दारामागे एक कार्ड लावायचं : तो काय करतो, कसं सांगायचं, अडलं तर कुणाला फोन. आणि एप्रिलमध्येच व्यवस्थापकासोबत बसून जूनची कामं ठरवायची : पडदे उतरवणं, उशांचे अभ्रे मोजून ठेवणं, दमट कपाटांतल्या चादरी बाहेर काढणं. त्या चादरींसाठी भिंतीवर तिसरा फोटो लागेल, बुरशीचा.