हवालदारमामांची वही

श्रोते हो, नमस्कार. बेळगावच्या कॅम्पातून पहाटे ज्यांचं जाणं होतं, त्यांना रिक्रूटांच्या बुटांचा आवाज सांगायला नको. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर 1922 पासून इथं आहे. ओळखीत पलटणीतला एकही माणूस नाही, असं घर आपल्याकडं शोधावं लागेल. म्हणून आज फौजेचाच विषय घेतलाय: लढाईच्या घाईत निर्णय घ्यायला कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे पोरं ज्याला नुसतं एआय म्हणतात, ती काय कामाची?

1999 चं कारगिल आठवा. मे महिन्यात डोंगरावरची परकी माणसं आधी कुणाला दिसली? हरवलेला याक शोधायला गेलेल्या मेंढपाळाला. पुढं के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीनं तपास केला. वेगवेगळ्या खात्यांकडं माहितीचे तुकडे होते, पण ते एका जागी जुळवायची पक्की सोय नव्हती. माहिती होती, जोडलेली नव्हती. हे मी परत सांगणार आहे, कंटाळू नका.

आता आमच्या मामांची गोष्ट. मामा पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. गाव सदलग्याच्या अलीकडं, दूधगंगेच्या काठावर. 2005 च्या पुरात त्यांची दोन म्हसरं गेली. तेव्हापासून मामांनी हिशेबाची एक लांबडी वही धरली. रकाने चार: तारीख, काळम्मावाडी धरणातून किती सुटलं, किती तासांनी आलं, आणि मारुतीच्या घाटाची कितवी पायरी बुडाली. सरकारी निरोप क्युसेकमध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, दोनेक घागरी म्हणा. पण गावाला घागरी मोजून काय करायचंय? गावाला पायरी कळते. मामा क्युसेकची पायरी करून सांगायचे आणि चौदा वर्षं ती बरोबर यायची.

ऑगस्ट 2019. पाऊस कसा होता ते तुम्हाला माहीतच आहे. वहीनं सांगितलं, रात्री नऊला पाचवी पायरी, तिथंच थांबेल. गाव जेवायला बसलं. मामांचा जीव काही राहिना. काठी आणि बॅटरी घेऊन घाटावर गेले, मागनं मी. बॅटरीच्या उजेडात जलपर्णीचा एक गठ्ठा दिसला. एरवी तो झपाट्यानं खाली जायला पाहिजे. तो जागच्या जागी फिरत होता. मग हळूहळू, श्रोते हो, तो वरच्या अंगाला सरकायला लागला.

मी म्हटलं, “मामा, वहीत तर पाचवीच आहे की.”

“वही धरणाचं बोलतीया रे. हे पाणी खालनं येतंय. कृष्णा घेईना झालीय.”

कृष्णाच तुंबली होती, दूधगंगेला पुढं जायला जागा नव्हती. मामा तसेच देवळात गेले, स्पीकर लावला आणि आधी मराठीत, मग कानडीत सांगितलं, जनावरं सोडा, माळावरच्या शाळेकडं चला. (स्पीकरवर दोन्ही भाषा बोलणारा माणूस आमच्याकडं प्रत्येक गावात असतो. भांडतात ते बोर्ड, माणसं नव्हे. असो.) पहाटे मारुतीच्या गाभाऱ्यात पाणी होतं. म्हसरू एकही गेलं नाही.

खरी गंमत नंतर कळली. दुधाचा टेम्पोवाला दुपारीच डेअरीत सांगून गेला होता, कृष्णेवरचा पूल पाण्याखाली गेला म्हणून. क्लार्कनं त्यातून एवढंच घेतलं, की उद्या संकलन बंद. त्याच दुपारी आमच्या मोबाइलवर शुभेच्छांची फुलं मात्र ढीगभर आली. त्या फुलांवर एकदा वेगळं बोलायचंय मला.

माहिती होती, जोडलेली नव्हती. फौजेत आता ती जोडायचं काम चाललंय. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं लष्करासाठी ‘आकाशतीर’ केलं. वेगवेगळ्या रडारांना जे दिसतं ते एकाच पडद्यावर येतं, आणि तोफेजवळच्या अधिकाऱ्याला कळतं की आभाळातला ठिपका आपला की परका. मे 2025 मध्ये पाकिस्तानकडनं ड्रोन आले तेव्हा ते कामात होतं. एआयचं काम मामांच्या वहीसारखं: जुन्या हजारो नोंदींवरनं हा ठिपका पक्षी असेल, ड्रोन असेल, की विमान, याचा अंदाज बांधायचा. माणसाला तासभर लागेल ते क्षणात. पण जे कधी नोंदलंच नाही, ते वहीला कुठनं कळणार?

26 सप्टेंबर 1983 च्या रात्री सोव्हिएत रशियात हेच झालं. उपग्रहाच्या यंत्रणेनं सांगितलं, अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघालीत. ड्युटीवरचा अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव. त्याला वाटलं, हल्ला करायचा तर नुसत्या पाचांनी कोण करेल? जमिनीवरच्या रडारलाही काही दिसत नव्हतं. त्यानं वर कळवलं, इशारा खोटा आहे. अमेरिकेच्या बाजूला ढगांवर चमकलेलं ऊन यंत्राला क्षेपणास्त्रांची आग वाटली होती. घाटावर बॅटरी घेऊन जाणारा माणूस तिथंही होता म्हणायचा. त्याला मात्र मिनिटांत ठरवायचं होतं, आमच्या मामांना निदान काठी शोधण्याइतका वेळ मिळाला. यंत्रं जितकी झटपट होतील तितका हा वेळ आकसत जाणार, आणि माझी खरी धास्ती तीच आहे.

वेळ संपत आली, समोरून खुणा चालल्यात. मामा आता ऐंशीला टेकलेत, वही अजून चालू आहे. त्या पुरानंतर तिच्यात पाचवा रकाना आलाय, लाल शाईचा. डोक्यावर लिहिलंय, ‘टेम्पोवाला’. नमस्कार.