चौथी उषा, सातव्या चौघी

(दृश्य : सोलापूर. मातीचं मैदान, फक्कीने मारलेल्या रेषा, सरावाला जमलेल्या मुली.)

मार्च उजाडला की सोलापुरात सराव कधी संपवायचा हे ऊन ठरवतं. त्यामुळे मुली तांबडं फुटायच्या आतच मैदानावर हजर. बऱ्याच जणी खो-खोतून धावण्याकडे वळलेल्या. घरी कुणी मराठी बोलतं, कुणी तेलुगू, कुणी कन्नड. रिलेत बॅटन, म्हणजे पुढच्या धावपटूच्या हाती सोपवायची नळी, देताना मारायची हाक मात्र सगळ्यांची एकच. चार बाय शंभरमध्ये, म्हणजे चौघींनी प्रत्येकी शंभर मीटर धावायच्या रिलेत, घेणारीने मागे बघायचं नाही, हात मागे करायचा आणि पळत राहायचं. खो-खोवाल्यांना हे चटकन जमतं. पाठीवर थाप आणि कानावर ‘खो’ पडला की उठायचं, ही सवय त्यांच्या अंगात भिनलेली असते.

या मुलींना पी. टी. उषा माहीत आहे ती एका आकड्यासाठी. एक शतांश सेकंद.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. लॉस एंजेलिस, १९८४.)

महिलांची चारशे मीटर अडथळा शर्यत त्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आली होती. केरळची उषा तेव्हा वीस वर्षांची. प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांनी तिला या शर्यतीकडे वळवून फार काळ लोटला नव्हता. उपांत्य फेरी तिने जिंकली. अंतिम शर्यतीत एक सुरुवात चुकीची ठरली, सगळ्यांना परत बोलावलं गेलं आणि दुसऱ्या वेळी उषाला पहिल्यासारखी उसळी घेता आली नाही. मोरोक्कोच्या नवल अल मुतवकिलने सुवर्ण नेलं. तिसरी आली रुमानियाची क्रिस्टियाना कोजोकारू, ५५.४१ सेकंदांत. उषा ५५.४२.

ही गोष्ट आपण चाळीस वर्षं उगाळतोय. उगाळावी, दुखणं खरंच आहे. पण त्याच लॉस एंजेलिसमध्ये उषा आणखी एका अंतिम शर्यतीत धावली होती, हे किती जणांना आठवतं? चार बाय चारशे मीटर रिले. उषा, एम. डी. वलसम्मा, वंदना राव आणि शायनी अब्राहम. वेळ ३ मिनिटं ३२.४९ सेकंद, क्रमांक सातवा. हुकलेल्या पदकावर आपण रडलो, पण चार भारतीय मुली ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या याचं धड कौतुकही केलं नाही. मला विचाराल तर त्या स्पर्धेतली भारताची मोठी बातमी ही होती.

(दृश्य : मैदान. दोन मुली बॅटन बदलतात. एकदा, पुन्हा एकदा.)

चार बाय चारशेचं तंत्र वेगळं. इथे घेणारी मागे वळून बघते, कारण येणारीचे पाय शेवटच्या पन्नास मीटरमध्ये जड झालेले असतात. तिचा वेग ओळखून आपण सुटायचं. लवकर सुटलात तर बॅटन बदलासाठी आखलेल्या वीस मीटरच्या पट्ट्याबाहेर जातो आणि संघ बाद. उशीर केलात तर दोघी एकमेकींवर आदळणार. हे मोजून येत नाही. रोज एकमेकींसोबत पळावं लागतं.

उषाची पुढची वर्षं याच, रिलेच्या नजरेने बघावीत. १९८५, जकार्ता, आशियाई अजिंक्यपद. शंभर, दोनशे, चारशे, चारशे अडथळा आणि चार बाय चारशे रिले, अशी पाच सुवर्णं. वर चार बाय शंभर रिलेचं कांस्य. एकाच स्पर्धेत! १९८६ च्या सोल आशियाई क्रीडा स्पर्धेत चार सुवर्णं, त्यातही एक रिलेचं.

त्या सोलमध्ये शायनीचं काय झालं ते सांगायलाच हवं. आठशे मीटरमध्ये ती पुढे होती, पण ठरलेल्या रेषेआधीच लेन सोडून आत आली म्हणून बाद ठरली. हातातलं पदक गेलं. मग तीच शायनी रिलेत उतरली आणि उषा, वंदना राव, वंदना शानभाग यांच्यासोबत सुवर्ण घेऊन आली.

पुढे टाचेच्या दुखापतीने १९८८ चं ऑलिम्पिक वाया गेलं. लग्न झालं, मूल झालं, उषा थांबली. आणि परतली. १९९८ मध्ये फुकुओकाला आशियाई अजिंक्यपदात चार बाय शंभर रिलेचं सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघात चौतिशीची उषा होती.

(दृश्य : हांगझोऊ, २०२३.)

५५.४२ हा राष्ट्रीय विक्रम एकोणचाळीस वर्षं कुणाला गाठता आला नव्हता. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या विद्या रामराजने प्राथमिक फेरीत नेमकी तेवढीच वेळ दिली. अंतिम फेरीत तिला कांस्य मिळालं. त्यानंतर चार बाय चारशे रिलेत भारतीय मुलींनी रौप्य जिंकलं. संघात विद्या, प्राची, शुभा वेंकटेशन आणि मुंबईची ऐश्वर्या मिश्रा.

(दृश्य : सोलापूर. ऊन चढलंय.)

इथे संघात जागा चार आणि मुली सहा. कोण कितवी धावणार यावर वाद सुरू आहे. शेवटचा टप्पा सगळ्यांनाच हवा, दुसरा कुणालाच नको. सर म्हणतात, दुसरीलाच गर्दीतून आतली लेन धरावी लागते, तिथे डोकं शांत असलेली पोरगी लागते. एक जण हात वर करते.